क्रिलच्या आकडेवारीतील शून्ये: घट खरी की पद्धतीची?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी गोव्यात सागरविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असून माझा प्रकल्प अंटार्क्टिक क्रिलच्या (कोळंबीसारखा दिसणारा, थव्याने राहणारा छोटा सागरी प्राणी) घनतेवर आहे. दक्षिण महासागरातील मोहिमेवर जाण्याचा योग विद्यार्थ्यांना सहसा येत नाही, म्हणून मी ‘क्रिलबेस’ हा सर्वांसाठी खुला असलेला संग्रह वापरते आहे. १९२६ ते २०१६ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी जाळे ओढून घेतलेल्या १५,००० हून अधिक नोंदी त्यात एकत्र केलेल्या आहेत. बहुतेक नोंदींमध्ये ठिकाण, तारीख, जाळ्याचा प्रकार, जाळे किती खोलीपर्यंत सोडले होते आणि समुद्राच्या एका चौरस मीटर पृष्ठभागाखाली किती क्रिल सापडले, ही माहिती मिळते. मी अंटार्क्टिक द्वीपकल्पापासून दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंतचा नैऋत्य अटलांटिकचा पट्टा निवडला असून १९७६ नंतरच्याच नोंदी घेतल्या आहेत.

माझी अडचण शून्यांची आहे. असंख्य खेपांमध्ये (खेप म्हणजे एकदा जाळे सोडून ओढणे) एकही क्रिल सापडलेला नाही, बऱ्याच खेपांमध्ये दोन-चार सापडले आहेत आणि मोजक्या खेपांमध्ये इतके सापडले आहेत की आलेख काढला तर बाकीचे सगळे ठिपके तळाशी चिकटून बसतात. मार्गदर्शकांच्या सूचनेप्रमाणे मी प्रत्येक आकड्यात १ मिळवून त्याचा लॉगरिदम घेतला आणि वर्षाशी सरळ रेषेचे रिग्रेशन केले, म्हणजे कल दाखवणारी रेषा बसवली. रेषा खाली उतरली, पी-मूल्यही (कल नसताना असा उतार केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) पुरेसे लहान आले आणि आम्ही दोघेही समाधानी झालो. विभागातल्या सादरीकरणात मात्र एका बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारले, “१ च का? ०.०१ मिळवले असते तर?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री १ च्या जागी ०.०१ घालून पाहिले, तर उतारही बदलला आणि पी-मूल्यही.

त्यातच २००४ चा ‘नेचर’मधला अ‍ॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांचा लेख क्रिल घटल्याचे सांगतो आणि २०१८ चा कॉक्स आणि सहकाऱ्यांचा लेख याच भागात घटीचा पुरावा नाही असे म्हणतो, हे वाचल्यापासून मी अधिकच गोंधळले आहे. या शून्यांचे काय करावे, कोणते प्रतिमान (मॉडेल) वापरावे, आणि मुळात ‘घट झाली’ असे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रमाणविचलन

तुमच्या परीक्षकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, समुद्राशी माझा संबंध मासे खाण्यापुरताच आहे. पण १ मिळवून लॉग घेण्याची ही सवय जीवशास्त्राच्या प्रत्येक शाखेतून माझ्याकडे येते, म्हणून आधी तिचाच निकाल लावू.

समजा, पाच खेपा आहेत. चारमध्ये काहीच नाही आणि पाचवीत दर चौरस मीटरला एक क्रिल. साधी सरासरी ०.२, म्हणजेच दर १,००० चौरस मीटरला २००. आता १ मिळवून लॉग घ्या, त्यांची सरासरी काढा आणि उलट क्रिया करून मूळ मापात परत या. उत्तर येते सुमारे ०.१४९, म्हणजे दर १,००० चौरस मीटरला १४९. ठीक, थोडे कमी आले, चालवून घेऊ. पण तेच आकडे सुरुवातीपासून दर १,००० चौरस मीटरमध्ये लिहिले असते, म्हणजे चार शून्ये आणि एक १,०००, आणि तीच क्रिया केली असती, तर उत्तर आले असते ३. समुद्र तोच, क्रिल तेच, बदलले ते फक्त एकक, आणि उत्तर १४९ वरून ३ वर आले. अशा पद्धतीने काढलेल्या उतारात क्रिल किती आणि एकक किती, हे सांगता येणे अशक्य आहे. शून्यांचे प्रमाण वर्षागणिक बदलत असेल, तर हा दोष थेट तुमच्या कालप्रवाहात शिरतो.

यावरचा उपाय म्हणजे आकडे न वाकवता, अशा आकड्यांसाठीच असलेले वितरण वापरणे. तुमच्याकडे प्रत्यक्ष मोजलेली संख्या असती, तर मी निगेटिव्ह बायनोमियल (खूप विखुरलेल्या मोजणीसाठीचे वितरण) सुचवले असते आणि गाळलेल्या पाण्याचे मान ऑफसेट म्हणून, म्हणजे मोजणी किती पाण्यातली हे सांगणारा ठरलेला घटक म्हणून, प्रतिमानात घालायला सांगितले असते. तुमच्या रकान्यात घनता आहे, म्हणून ट्वीडी वितरण अधिक सोयीचे पडेल. त्याचा घातांक १ आणि २ यांच्या दरम्यान असला की ते खरेखुरे शून्यही सामावून घेते आणि शून्यापेक्षा मोठ्या अपूर्णांकी किमतीही. यात लॉग (‘लॉग-लिंक’) सरासरीला लागतो, एकेका नोंदीला लागत नाही. त्यामुळे एकक बदलले तरी ‘दर वर्षी इतके टक्के’ हे उत्तर बदलत नाही. ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेत एमजीसीव्ही किंवा जीएलएमएमटीएमबी या दोन्ही पॅकेजांत ही सोय आहे.

आणखी एक सूचना आताच देतो, कारण पुढचा सल्ला तुम्हाला हमखास ‘झीरो-इन्फ्लेटेड’ प्रतिमानाचा, म्हणजे जास्तीच्या शून्यांसाठी वेगळी यंत्रणा मानणाऱ्या प्रतिमानाचा मिळेल. शून्ये पुष्कळ दिसली म्हणजे ती ‘जास्तीची’ असतातच असे नाही. सरासरी ५ असेल तर पॉयसाँ वितरणात (एकमेकांपासून स्वतंत्र घटनांच्या मोजणीचे साधे वितरण) शून्य येण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. तीच सरासरी ५ ठेवून निगेटिव्ह बायनोमियलचा विखुरणीचा अंक (जितका लहान, तितके आकडे अधिक विखुरलेले) ०.१ घेतला, तर ६७ टक्के खेपा शून्य येतात आणि त्यासाठी कोणतीही वेगळी यंत्रणा गृहीत धरावी लागत नाही. थव्याने राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हे अपेक्षितच आहे. आधी साधे प्रतिमान बसवा, त्यातून किती शून्ये अपेक्षित होती आणि किती आली ते ताडून पाहा, आणि मगच वेगळ्या शून्यांची गोष्ट काढा.

डोलकर

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण ही शून्ये कागदावर येण्याआधी जहाजाच्या डेकवर जन्माला येतात. मी दक्षिण महासागरातल्या दोन मोहिमांवर प्लवकांचे नमुने गोळा करण्याचे काम केले आहे, म्हणून ती बाजू मांडतो.

आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी डोल जाळ्यात जवळा येताना पाहिला आहे, त्यांना क्रिल समजावून सांगावे लागत नाही. जवळा वेगळ्या कुळातला आणि आकाराने बराच लहान, क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पण वागण्याची तऱ्हा तीच. एका बोटीचे जाळे फाटेल इतके भरते आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी बोट रिकामी परतते. दक्षिण महासागरात इकोसाउंडरच्या (ध्वनीच्या प्रतिध्वनीने पाण्यातले शोधणारे यंत्र) पडद्यावर क्रिलचा थवा गडद डागासारखा उमटतो, आपण जाळे सोडतो, आणि जाळे त्या डागाच्या थोडे वरून गेले तर बादलीत येतात दोन-चार साल्प (पारदर्शक, जेलीसारखे प्लवक) आणि पाणी. नोंदवहीत लिहायचे ‘क्रिल: ०’. त्या शून्याचा अर्थ ‘येथे क्रिल नाही’ असा मुळीच नसतो.

दुसरी गोष्ट अशी की क्रिलला डोळे आहेत आणि तो जोरात पोहतो. दिवसाच्या उजेडात जाळे येताना दिसले की तो बाजूला होतो. शिवाय दिवसा तो बहुधा खोल असतो आणि रात्री वर येतो. लहान तोंडाच्या जाळ्यातून निसटणे त्याला सोपे जाते. म्हणूनच १९२६ ते १९३९ या काळात ब्रिटिश ‘डिस्कव्हरी’ मोहिमांनी वापरलेले एक मीटर व्यासाचे गोल जाळे आणि नंतरच्या काळातले आठ चौरस मीटर तोंडाचे आरएमटी-८ हे जाळे, यांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. क्रिलबेस तयार करणाऱ्यांना हे माहीत होते, त्यामुळे त्यांनी मूळ घनतेच्या शेजारी एक ‘प्रमाणित’ रकानाही दिला आहे. आरएमटी-८ जाळे १ जानेवारीच्या रात्री पृष्ठभागापासून २०० मीटर खोलीपर्यंत ओढले असते तर किती क्रिल मिळाले असते, याचा तो अंदाज आहे. तुम्ही कोणता रकाना वापरला, हे प्रश्नात लिहिलेले नाही.

दिवस-रात्र हा घटक प्रतिमानात घालताना एक अडचण तुमच्या लक्षात यावी. दक्षिण जॉर्जिया ५४ अंशांवर आहे, तिथे जानेवारीतही व्यवस्थित रात्र होते. ध्रुववृत्ताच्या पलीकडे त्याच दिवसांत रात्र नावाची गोष्टच नसते. म्हणजे ‘रात्र’ हा शिक्का उत्तरेकडच्या खेपांवर अधिक बसणार आणि ‘दिवस’ दक्षिणेकडच्या. मग प्रतिमान उजेडाचा परिणाम मोजते आहे की अक्षांशाचा, हे कळणार कसे? तारीख, वेळ आणि ठिकाण यांवरून सूर्य क्षितिजाच्या किती अंश वर किंवा खाली होता ते काढा आणि तो आकडा वापरा. दुपारचा सूर्य आणि क्षितिजावर लोळणारा मध्यरात्रीचा सूर्य यांना एकाच ‘दिवस’ या खान्यात टाकणे क्रिललाही मान्य होणार नाही.

शेवटी मोजणीबद्दल. जाळे वर आले की समुद्राच्या पाण्याच्या पाइपने ते वरून खाली धुतात, जेणेकरून कापडाला चिकटलेले सगळे शेवटच्या भांड्यात उतरावे. थंडीने बोटे बधिर झालेली असतात आणि जहाज हलत असते, पण तेवढे नीट करावेच लागते. नमुना मोठा असेल तर तो विभाजकात घालून अर्धा, पुन्हा अर्धा असा करत जातात. चौसष्टावा भाग मोजायला घेतला आणि त्यात ३ क्रिल सापडले, तर नोंद होते १९२. संगणकाला वाटते की आपण १९२ प्राणी मोजले. प्रत्यक्षात मोजले तीनच, आणि ते तीनऐवजी पाच असते तर नोंद ३२० झाली असती. उद्या स्वतःची आकडेवारी हातात आली, तर मोजलेली मूळ संख्याच ठेवा आणि विभाजनाचे प्रमाण गाळलेल्या पाण्याबरोबर ऑफसेटमध्ये घाला.

प्रमाणविचलन

डोलकर, १९२ चे उदाहरण माझ्या वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

आता वितरणाहून महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. खाडीकाठ, तुमच्याकडे नोंदी हजारोंनी असतील, पण प्रश्न ‘वर्षागणिक बदल’ हा आहे, आणि वर्षे आहेत सुमारे चाळीस. एका जहाजाने एका मोसमात एका रेषेवर तीस खेपा घेतल्या, तर त्या तीस स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. एकाच घरातल्या तीस माणसांना मत विचारल्यासारखे ते होते. त्या वर्षी क्रिलची पैदास चांगली झाली असेल, तर तिन्हीत्रिकाळ सगळ्याच खेपा भरलेल्या येतील. साधे रिग्रेशन हे जाणत नाही, त्यामुळे त्याला स्वतःच्या उत्तराबद्दल अवाजवी खात्री वाटते आणि पी-मूल्य नको इतके लहान येते. म्हणून वर्षाचा सरळ कल ठेवूनच वर्ष हा यादृच्छिक परिणाम (त्या गटातल्या सगळ्या नोंदींना सामायिक असलेला चढउतार) म्हणूनही घाला, आणि जहाजाच्या प्रत्येक सफरीला तिचा स्वतंत्र यादृच्छिक परिणाम द्या. विश्वास-अंतराल, म्हणजे उत्तराच्या अनिश्चिततेची कक्षा, रुंद होईल. तो आधीच रुंद असायला हवा होता.

दुसरे, जागेचे. बर्फ जहाजाला कुठे जाऊ देतो यावर खेपांच्या जागा ठरतात आणि त्या दरवर्षी वेगळ्या असतात. एखाद्या दशकात बऱ्याच खेपा क्रिलने समृद्ध अशा शेल्फच्या (खंडालगतचा उथळ समुद्रतळ) कडेवर पडल्या आणि पुढच्या दशकात मोकळ्या खोल समुद्रात पडल्या, तर समुद्रात काहीही न बदलता घट दिसेल. त्यामुळे जागेसाठी एक द्विमितीय वक्रपृष्ठ, म्हणजे नकाशावर घनता कशी चढते-उतरते हे दाखवणारा सलग पृष्ठभाग, प्रतिमानात हवेच. ते अक्षांश-रेखांशांवर थेट बसवू नका. ६० अंशांवर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या अंशाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर भरतो, तर अक्षांशाचा १११ किलोमीटर. आधी ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणात (ध्रुवाभोवतीचा भाग सपाट कागदावर मांडण्याची रीत) सगळे बिंदू किलोमीटरमध्ये आणा.

अर्धविराम

चर्चा वाचून थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. विद्यार्थिनीला ट्वीडी, यादृच्छिक परिणाम, वक्रपृष्ठे असे एकामागून एक सुचवले जात आहे. हे सगळे एका प्रतिमानात कोंबले की ते जुळेल तरी का, आणि जुळले तर त्यातून काय निघाले हे तिला मौखिक परीक्षेत सांगता येईल का? माझ्या मते खरा वाद प्रतिमानाच्या नावाचा नाहीच. कोणत्या ओळी ठेवल्या आणि कोणत्या गाळल्या, यावर निम्मे उत्तर ठरते.

२००४ आणि २०१८ च्या लेखांचेच पाहा. पहिल्याने नऊ देशांच्या नोंदी एकत्र करून नैऋत्य अटलांटिकमध्ये क्रिल घटल्याचे आणि उन्हाळ्यातली क्रिलची घनता आधीच्या हिवाळ्यातल्या समुद्री बर्फाच्या विस्ताराशी जोडलेली असल्याचे मांडले. दुसऱ्याने क्रिलबेसच्याच १९७६ ते २०१६ च्या नोंदी घेऊन घटीचा पुरावा नाही असे सांगितले. त्यावर हिल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घटीचा पुरावा अजूनही टिकून आहे असे प्रत्युत्तर दिले. त्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन यांच्या गटाने प्रश्नाची मांडणीच बदलली: एकूण किती, यापेक्षा कुठे किती, हे पाहिले, आणि उत्तरेकडच्या कडेला घनता ओसरून क्रिल दक्षिणेकडे, खंडाच्या शेल्फकडे आक्रसत गेल्याचे दाखवले. यातले कोणीही गणितात कच्चे नाही. जाळ्यांचे प्रकार, खेपांची खोली, कोणत्या खेपा विश्वसनीय मानायच्या, या निवडींवर त्यांचे मतभेद आहेत, आणि या निवडी कोणतेही पॅकेज आपल्या वतीने करत नाही.

प्रमाणित रकान्याबद्दल डोलकरांनी विचारले ते योग्यच आहे, पण त्यात एक सापळाही आहे. तो रकाना वापरला, तर जाळ्याचा प्रकार, दिवस-रात्र आणि मोसमातली तारीख यांची दुरुस्ती आधीच झालेली असते. पुन्हा तेच घटक प्रतिमानात घातले, तर एकाच आजारावर दोनदा औषध दिल्यासारखे होते. शिवाय ती दुरुस्ती स्वतःच एका अंदाजावर उभी आहे, आणि त्या अंदाजाची अनिश्चितता रकान्यातल्या एका आकड्यात दिसत नाही. एक तर मूळ घनता घ्या आणि हे घटक प्रतिमानात ठेवा, किंवा प्रमाणित घनता घ्या आणि ते वगळा. क्रिलबेसमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एकच खेप असते असेही नाही, काही ओळी अनेक खेपा एकत्र करून बनलेल्या आहेत. नोंदीचा प्रकार सांगणारा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारेल म्हणून सांगतो. १९८२ पासून अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेचे नियमन करणारा, होबार्टमध्ये कार्यालय असलेला आयोग, ज्याचा भारतही सदस्य आहे, त्याने याच पट्ट्यातल्या क्रिल मासेमारीला ६ लाख २० हजार टनांची उंबरठा-मर्यादा घातलेली आहे. २००० साली चार देशांच्या जहाजांनी या पट्ट्याचे ध्वनी-सर्वेक्षण केले, तेव्हा क्रिलचे वस्तुमान ४ कोटी ४३ लाख टन असल्याचा अंदाज निघाला. पुढे एक क्रिल किती ध्वनी परावर्तित करतो याचे प्रतिमान सुधारले आणि २०१० मध्ये त्याच जुन्या ध्वनिफितींमधून ६ कोटी ३ लाख टन निघाले. दहा वर्षांत एकही नवा क्रिल न मोजता दीड कोटी टनांहून अधिक वाढ झाली. पेंग्विन, सील आणि देवमासे ज्यावर जगतात, त्या अन्नाच्या हिशेबात पद्धतीचे वजन इतके मोठे असते.

ट्रॉम्सोकर

थोडे विषयांतर, पण उपयोगी पडेल. मी नॉर्वेत असते आणि माझे काम उत्तर ध्रुवाकडच्या कोपेपॉडांवर (अगदी बारीक कवचधारी प्लवक) आहे. स्वालबार्डच्या कोंग्सफियॉर्डमध्ये, जिथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ स्थानक आहे, अटलांटिकचे कोमट पाणी शिरते आणि त्याबरोबर कॅलॅनस फिनमार्किकस ही जात येते. थंड पाण्यातली स्थानिक जात म्हणजे कॅलॅनस ग्लेशियालिस. दोघी दिसायला इतक्या सारख्या की वर्षानुवर्षे शरीराच्या लांबीवरून त्यांची वाटणी केली गेली. जनुकीय तपासणी सुरू झाल्यावर दोघींच्या लांबींची सरमिसळ होते असे आढळले, आणि ग्लेशियालिसच्या लहान माद्या फिनमार्किकस म्हणून मोजल्या गेल्याचे दिसून आले. म्हणजे ‘अटलांटिक जात वाढली’ या निष्कर्षात काही वाटा मोजपट्टीचाही असू शकतो. तुमच्याकडे शून्यांचा अर्थ संदिग्ध आहे, आमच्याकडे शून्य नसलेल्यांचाही. नमुन्यातल्या काही प्राण्यांची जनुकीय ओळख पटवून, चुकीच्या ओळखीची शक्यता प्रतिमानातच घालणे हा आम्ही वापरतो तो मार्ग आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस लागले, पण काही गोष्टी करून पाहिल्या, त्या येथे नोंदवते.

मी आधी प्रमाणित रकाना वापरला होता आणि त्यावर दिवस-रात्र हा घटकही घातला होता, म्हणजे अर्धविराम यांनी सांगितलेली चूक मी तंतोतंत केली होती. आता मूळ घनता घेतली आहे, एकत्रित खेपांच्या ओळी वेगळ्या काढल्या आहेत आणि सूर्याची उंची काढून घातली आहे. त्यानंतर एक प्रयोग केला. माझ्याच खेपांच्या जागा, तारखा आणि जाळी तशीच ठेवून, काळानुसार कोणताही कल नसलेली पण वर्षावर्षांत चढउतार असलेली बनावट घनता संगणकावर निर्माण केली, आणि तिच्यावर माझी जुनी पद्धत चालवली. घट मुळात नव्हतीच, तरीही जुन्या पद्धतीला ती पुन्हा पुन्हा ‘लक्षणीय’ सापडत राहिली. वर्ष आणि सफर यांचे यादृच्छिक परिणाम घातल्यावर हे प्रमाण बरेच खाली आले. मार्गदर्शकांना तो आलेख दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले की प्रबंधात हाच पहिला आलेख असू दे.

एक शंका उरली आहे. जागेचे वक्रपृष्ठ बसवल्यावर अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला, वेडेल समुद्रात, जिथे माझ्याकडे जवळजवळ एकही खेप नाही, तिथे प्रतिमान भरपूर क्रिल दाखवते आहे. हे खरे मानावे का?

प्रमाणविचलन

मानू नये. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला क्रिल विपुल आहे, तुमच्या वक्रपृष्ठाला मधला डोंगर दिसत नाही, आणि ते सरळ जमिनीवरून पलीकडे ओघळते आहे. क्रिलला मात्र टोकाला वळसा घालून जावे लागते. एमजीसीव्हीमध्ये यासाठी ‘सोप-फिल्म’ प्रकारचे वक्रपृष्ठ आहे. तारेच्या चौकटीत साबणाचा पापुद्रा ताणावा तसे ते किनाऱ्याच्या सीमेत ताणले जाते आणि जमीन ओलांडत नाही. सीमेची रेघ ढोबळ ठेवा, प्रत्येक खाडी आणि बेट काढत बसलात तर प्रतिमान रात्रभर चालेल. प्रक्षेपणाचे निर्देशक वापरले असतील तर सीमाही त्याच निर्देशकांत द्यावी लागते, अन्यथा त्रुटीचा संदेश येत राहतो आणि कारण सापडत नाही.

आणि ते केल्यावरही, जिथे जवळपास एकही खेप नाही तो भाग नकाशावर रंगवूच नका. सर्वांत जवळच्या खेपेपासून ठराविक अंतरापलीकडचे चौकोन कोरे सोडा, आणि ते अंतर किती धरले हे नकाशाखाली लिहा.

डोलकर

कोऱ्या चौकोनांना माझाही पाठिंबा. तिथे खेप का नाही याचे कारण बहुतेक वेळा बर्फ असते, आणि बर्फाखाली क्रिल असतो, विशेषतः त्याची पिल्ले हिवाळ्यात बर्फाच्या तळावरचे शैवाल खरवडून खातात. म्हणून नकाशाच्या सूचीत ‘क्रिल नाही’ आणि ‘जाळे टाकले नाही’ यांसाठी दोन वेगळ्या खुणा ठेवा. पांढरा रंग दोघांनाही देऊ नका.